एल्म: जर्मनीतली एक बुटकी डोंगररांग पायी कशी वाचावी

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर वसले आहे आणि एल्म या जर्मन डोंगररांगेचे सर्वांत उंच टोक ३२३ मीटरवर आहे. त्यामुळे चाकणहून वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवागन कारखान्यात कामाला आलेल्या एखाद्या मराठी अभियंत्याला आपण दक्षिणेकडच्या हिरव्या पट्ट्याकडे बोट दाखवले आणि त्याने ‘यात डोंगर कुठे आहे?’ असे विचारले, तर त्याची काही चूक नाही. मीही पहिल्या भेटीत हेच विचारले होते. ब्राउनश्वाइगच्या आग्नेयेला सुमारे २५ किलोमीटर लांब आणि ३ ते ८ किलोमीटर रुंद अशी ही रांग एखाद्या पालथ्या परातीसारखी पसरली आहे. तिला ना कडा, ना सुळका, आणि वर गेल्यावर बीच वृक्षांच्या गर्दीमुळे फारसे दूरचे काही दिसतही नाही. अशा डोंगराची प्राकृतिक रचना समजून घ्यायची असेल तर सह्याद्रीत लागलेली सवय, म्हणजे माथ्यावर जाऊन चौफेर पाहण्याची सवय, प्रथम बाजूला ठेवावी लागते. एल्म कळतो तो पाणी कुठे नाहीसे होते आणि कुठे बाहेर येते यावरून, कारण या डोंगराला उचलणारे मीठ आणि त्याला आतून पोखरणारे पाणी ही दोन्ही जमिनीखालची पात्रे आहेत.

पुढे दिलेली वाट क्योनिग्सलुटर या गावातून सुरू होऊन डोंगर ओलांडते आणि पश्चिमेला एर्केरोडे येथे उतरते. अंतर साधारण १५ किलोमीटर आहे. चालण्यापेक्षा थांबण्यात अधिक वेळ जातो, म्हणून पूर्ण दिवस हाताशी ठेवावा.

निघण्यापूर्वी: ऋतू, नकाशा आणि खिशातल्या वस्तू

सर्वांत सोयीचा काळ एप्रिलच्या मध्यापासून पुढचे दोन आठवडे. बीचला पूर्ण पालवी फुटलेली नसते, त्यामुळे जमिनीचा उंचसखलपणा झाडांमधून स्पष्ट दिसतो आणि त्याच वेळी जमिनीलगतच्या वनस्पतीही वर आलेल्या असतात. मे महिना उजाडला की डोक्यावर हिरवे छत बंद होते आणि भूरूपे शोधणे अवघड होते. नोव्हेंबरही चालतो, परंतु तेव्हा गळलेल्या पानांचा थर घोट्यापर्यंत असतो आणि पायाखालचा दगड दिसत नाही.

घरी बसून दोन नकाशे पाहावेत. पहिला १:२५,००० प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा, आणि दुसरा हानोफरच्या भूविज्ञान कार्यालयाच्या ‘निबिस’ या ऑनलाइन नकाशासेवेवरचा भूशास्त्रीय नकाशा. भूशास्त्रीय नकाशावर एल्म उघडला की रंगांचे लांबट, एकात एक बसलेले पट्टे दिसतात, जणू कांदा आडवा कापला आहे. हे पट्टे बाहेरून आत कोणत्या क्रमाने येतात ते वहीत लिहून घ्यावे: कडेला कॉयपर हा मातकट थरांचा गट, त्याच्या आत मुशेलकाल्क हा चुनखडक, आणि अगदी मध्यावर एका दरीत बुंटझांडश्टाइन हा तांबूस वालुकाश्मांचा आणि मातकट थरांचा गट. यांपैकी कॉयपर सर्वांत तरुण आणि बुंटझांडश्टाइन सर्वांत जुना आहे. म्हणजे डोंगराच्या पायथ्याकडून गाभ्याकडे चालताना आपण काळात मागे जात असतो. थर कमानीसारखे वर उचलले गेले आणि कमानीचा माथा झिजून गेला, की असाच क्रम मिळतो.

त्यानंतर स्थलदर्शक नकाशावर क्योनिग्सलुटर ते एर्केरोडे अशी रेघ ओढून तिच्यावरचा उभा छेद, म्हणजे डोंगर सुरीने कापल्यास बाजूने दिसेल तसे चित्र, काढावा. या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे २५० मीटर. त्यामुळे खऱ्या प्रमाणात २०० मीटरची चढण कागदावर फक्त ८ मिलिमीटर भरते आणि डोंगर रेघेसारखा सपाट दिसतो. उंचीचे प्रमाण पाचपट वाढवून १ सेंटिमीटरला ५० मीटर धरावेत, म्हणजे तीच चढण ४ सेंटिमीटरची होईल. छेद पेन्सिलीने काढावा. संध्याकाळी तो बदलावा लागतो.

बरोबर घ्यायच्या वस्तू थोड्याच आहेत: दहापट मोठे दाखवणारे भिंग, चुनखडक ओळखण्यासाठी लहान बाटलीत व्हिनेगर, स्वयंपाकघरातला तापमापक, वही आणि लांब मोजे. मोजे गोचिडींसाठी आहेत. येथील गोचिडींमुळे लाइम रोग होऊ शकतो, म्हणून संध्याकाळी गुडघ्यामागे आणि काखेत तपासणी करण्याचा आळस करू नये. हातोडा घरीच ठेवावा. सुटे दगड पुष्कळ मिळतात आणि संरक्षित जागी खडक फोडणे योग्य नाही. जोराचा वारा असेल तर बेत पुढे ढकलावा, कारण २०१८ ते २०२० या सलग कोरड्या वर्षांनंतर जर्मनीत पुष्कळ जुन्या बीच वृक्षांच्या माथ्यावरच्या फांद्या वाळल्या आहेत आणि त्या न सांगता खाली येतात.

पहिला थांबा: चर्चची भिंत

ब्राउनश्वाइगहून हेल्मश्टेटकडे जाणारी लोकल गाडी अर्ध्या तासाच्या आत क्योनिग्सलुटरला सोडते. स्थानकावरून थेट रानाकडे न जाता काइझरडोम या मोठ्या चर्चकडे वळावे. सम्राट लोथार तिसरा याने ११३५ मध्ये त्याचा पाया घातला, आणि बांधकामाचा दगड एल्ममधलाच आहे. पूर्वेकडच्या अर्धवर्तुळाकार भिंतीवर शिकारीची एक कोरीव पट्टी आहे, तिच्यात दोन सशांनी शिकाऱ्यालाच आडवे पाडून बांधले आहे. ती पाहून हसून झाले की भिंग काढावे.

भिंग वापरण्याची रीत पुष्कळांना ठाऊक नसते. ते दगडावर न धरता डोळ्याला जवळजवळ टेकवावे आणि मग आपणच दगडाच्या इतके जवळ जावे की तो स्पष्ट दिसू लागेल. काही चिऱ्यांत बारीक, टाचणीच्या डोक्याएवढी असंख्य छिद्रे दिसतील. हा ‘शाउमकाल्क’, म्हणजे फेसासारखा चुनखडक. उथळ, कोमट समुद्रात चुन्याचे गोल कण लाटांबरोबर घोळत साचले आणि पुढे त्या कणांतले पुष्कळसे विरघळून जागेवर पोकळी राहिली. ही गोष्ट सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीची आहे. तो घडायला मऊ पण टिकायला बरा असल्याने मध्ययुगीन पाथरवटांना आवडला. चर्चच्या भिंतीवर व्हिनेगर टाकण्याचा मोह होईल, तो आवरावा.

दुसरा थांबा: लुटरश्प्रिंग

गावाच्या दक्षिणेला, रान सुरू होते तेथे लुटर नदीचा उगम आहे. दगडी बांधणीतून येणारे पाणी पाहिल्यावर पहिला प्रश्न हाच पडावा की वर एकही ओढा दिसत नसताना एवढे पाणी एका ठिकाणी येते कोठून. डेक्कनच्या बेसॉल्टवर वाढलेल्या माणसाला हा प्रश्न लवकर सुचत नाही, कारण आपल्याकडे पावसाळ्यात प्रत्येक घळीतून पाणी धावते आणि आपण तेच गृहीत धरतो. चुनखडकात तसे नाही. पावसाचे पाणी मातीतून जाताना कर्बवायू घेते, किंचित आम्ल होते, आणि खडकातल्या भेगांना विरघळवून रुंद करत खालीच उतरते. एल्मच्या या उतारावर चुनखडकाचे थर उत्तर-ईशान्येकडे कललेले आहेत. पाणी त्या कलावरून वाहत पायथ्याशी येते आणि तेथे कॉयपरच्या मातकट, पाणी न झिरपू देणाऱ्या थरांना अडते. पुढे वाट नसल्याने ते वर उसळते. झरा नेमका दोन खडकांच्या सीमेवर का आहे याचे उत्तर एवढेच आहे. आपल्या भूशास्त्रीय नकाशावर ती सीमा बोटाने शोधावी.

आता तापमापक पाण्यात धरावा आणि दोन मिनिटे थांबावे. आकडा ९ अंश सेल्सिअसच्या आसपास येईल. मी हा प्रयोग जानेवारीत आणि जुलैमध्येही केला आहे. जानेवारीत झऱ्यावर वाफ तरंगत होती आणि जुलैमध्ये हात बधिर झाला, पण पाण्याच्या तापमानात म्हणावा असा फरक नव्हता. जमिनीखालून आलेले पाणी त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरी तापमानाजवळ राहते. उन्हाळ्यात तापणारे आणि हिवाळ्यात गोठणारे पाणी मिळाले तर ते झऱ्याचे नसून वरवरच्या ओहोळाचे आहे असे समजावे.

विरघळलेला चुना पाणी कायम धरून ठेवत नाही. उघड्यावर कर्बवायू निसटला की चुना पानांवर, शेवाळावर, काटक्यांवर बसतो आणि त्यातून जाळीदार, हलका दगड तयार होतो. याला येथे ‘डुकश्टाइन’ म्हणतात आणि क्योनिग्सलुटर गावाचा मोठा भाग त्याच्याच थरावर उभा आहे. लुटरच्या पाण्यावर बनणाऱ्या बिअरलाही या दगडाचेच नाव मिळाले होते. त्या दगडाचा सुटा तुकडा सापडल्यास त्यात पानांच्या शिरांचे ठसे शोधावेत.

तिसरा टप्पा: कोरड्या दऱ्या आणि खचलेले खळगे

येथून टेट्झेलश्टाइनच्या दिशेने चढ लागतो. चढ म्हणजे दम लागावा असा नव्हे. सिंहगडाच्या पाऊलवाटेच्या एका वळणात याहून अधिक घाम येतो. वाटेत दरीसारखे आकार मिळतात, पण त्यांच्या तळाशी पाणी नसते, वाळलेली पाने असतात. या कोरड्या दऱ्या आजच्या पावसाने कोरलेल्या नाहीत. हिमयुगात जमीन खोलवर गोठलेली असताना भेगा बर्फाने बंद होत्या, वितळलेले पाणी वरूनच वाहिले आणि त्याने या दऱ्या कोरल्या. बर्फ गेल्यावर भेगा उघडल्या आणि पाणी पुन्हा खाली गेले.

याच भागात आणि कडेच्या उतारांवर गोल खळगे आढळतात. जर्मन नाव ‘एर्डफाल’, म्हणजे जमीन पडणे. मुशेलकाल्कचे तीन गट आहेत. वरचा आणि खालचा गट कठीण चुनखडकाचा आहे, तर मधल्या गटात जिप्समसारखे सहज विरघळणारे थर आहेत. मधला थर विरघळून पोकळी झाली की वरची जमीन खचते. म्हणूनच हे खळगे अनेकदा रांगेत सापडतात. ती रांग मधल्या गटाचा माग दाखवते. नीडरझाक्सेन राज्याच्या भूमापन खात्याच्या छायांकित भूउठाव नकाशावर ही टिंबे आधीच पाहून ठेवली तर प्रत्यक्षात शोधणे सोपे जाते.

परंतु रानातला प्रत्येक खळगा खचलेला नसतो, आणि येथे मी स्वतः फसलो आहे. एका मोठ्या खळग्याचे मी छायाचित्र काढले, मापे घेतली, वहीत सुंदर आकृती काढली. परतताना लक्षात आले की एका बाजूने बैलगाडी जाईल एवढी रुंद, सपाट वाट त्यात उतरते आणि तिच्या तोंडाशी दगडगोट्यांचा ढीग गवताखाली झाकला गेला आहे. ती जुनी खाण होती. तेव्हापासून मी पुढील क्रमाने तपासतो. खळगा नरसाळ्यासारखा गोल आहे का, आणि कडा सर्व बाजूंनी सारख्याच उतरतात का? बाहेर काढलेल्या दगडमातीचा ढीग आसपास आहे का? आत जाणारी वाट आहे का? ढीग किंवा वाट असेल तर माणसाने खणले आहे. खळगा लांबट आणि उथळ असून त्याच्या एकाच बाजूला मातीचा उंचवटा असेल तर एखादे झाड मुळासकट उलटून पडल्याची ती जागा असते. यांपैकी काहीही नसेल आणि कडेची झाडे बुंध्यापाशी वाकून वर सरळ झाली असतील, तर जमीन अजूनही हळूहळू सरकते आहे असे समजून कडेपासून दूर उभे राहावे. अशा खळग्यात उतरू नये.

चौथी गोष्ट: झाडे काय सांगतात

एल्म हे उत्तर जर्मनीतल्या मोठ्या बीचवनांपैकी एक आहे. बीचचे करडे, गुळगुळीत बुंधे दूरवर एकसारखे दिसतात आणि त्यामुळे सगळे रान सारखेच आहे असा समज होतो. नजर खाली वळवावी. जेथे चुनखडक पृष्ठभागाजवळ आहे तेथे माती काळसर, उथळ आणि दगडांच्या तुकड्यांनी भरलेली असते. तेथे एप्रिलमध्ये बेअरलाउख, म्हणजे रानलसूण, गालिच्यासारखी पसरते आणि तिचा वास फोडणीची आठवण करून देतो. निळी हेपाटिकाही अशाच जागी दिसते. काही पावलांवर हा गालिचा अचानक संपतो आणि आंबट चवीच्या तीन पानांची ऑक्झालिस किंवा गवतासारखी लुझुला दिसू लागते. म्हणजे खडकावर लोएसचा जाड थर आहे आणि वरच्या मातीतला चुना धुऊन गेला आहे. लोएस ही हिमयुगात वाऱ्याने वाहून आणलेली बारीक धूळ. हाताला ती मैद्यासारखी लागते. वहीतल्या छेदावर जेथे वनस्पती बदलली तेथे खूण करावी. खोदकाम न करता मातीचा नकाशा हाती येतो.

रानलसूण तोडून घरी नेण्याआधी एक इशारा. लिली ऑफ द व्हॅली आणि शरदातला कोल्चिकम या दोन्ही विषारी वनस्पतींची पाने तिच्यासारखीच दिसतात. वासावर भरवसा ठेवू नये, कारण पहिले पान चुरगळल्यावर बोटांनाच तो वास लागलेला असतो.

पाचवा टप्पा: माथा आणि त्याच्या मधली दरी

टेट्झेलश्टाइन हा रानाच्या मध्यावरचा स्मृतिशिळेचा थांबा आहे. पापमुक्तीची पत्रे विकणाऱ्या योहान टेट्झेलकडून एका सरदाराने पुढे होणाऱ्या पापासाठीचे पत्र विकत घेतले आणि मग याच रानात टेट्झेललाच लुटले, अशी दंतकथा आहे. डबा खाण्यासाठी जागा चांगली आहे. दक्षिण बाजूला आडवाट करून आइलुमर हॉर्न या सर्वोच्च बिंदूवर जाता येते. मात्र तेथे सपाट रानच आहे, आणि मी पहिल्यांदा तो बिंदू ओलांडून पुढे गेलो तरी मला कळले नाही. वेळ कमी असेल तर हा भाग खुशाल वगळावा.

वगळू नये ती राइटलिंग्सटाल ही दरी. पश्चिमेकडे उतरताना सावकाश चालावे आणि पायवाटेच्या मातीच्या रंगावर लक्ष ठेवावे. फिकट करडे तुकडे कमी होतात आणि एका ठिकाणी चिखल तांबूस होतो. मग रान उघडते, कुरणे आणि तळी दिसतात, आणि दिवसभरात प्रथमच जमिनीवर वाहणारे पाणी भेटते: वाबे नदी. आपण चुनखडक ओलांडून बुंटझांडश्टाइनच्या वरच्या, मातकट थरांवर आलो आहोत, आणि हे थर पाणी खाली जाऊ देत नाहीत.

येथे उभे राहून निघण्यापूर्वी काढलेला छेद उघडावा. थरांची कमान सर्वांत उंच कोठे उचलली गेली होती? येथेच, दरीच्या जागी. कमानीच्या माथ्यावर ताण पडून खडक तडकला, तेथे झीज लवकर झाली, खालचे मऊ थर उघडे पडले, आणि त्यांतले मीठ-जिप्सम विरघळून जमीन आणखी खाली बसली. जे रचनेने सर्वांत उंच होते ते आज खोलगट आहे आणि दोन्ही बाजूंचे कठीण चुनखडक कण्यांसारखे उभे राहिले आहेत. एल्मच्या दोन बाजूंचे थर विरुद्ध दिशांना का कलतात हे पुस्तकात वाचून मला तितकेसे पटले नव्हते. या कुरणात उभे राहून दोन्हीकडे पाहिल्यावर पटले. छेदावर आता थरांच्या रेघा काढाव्यात: ईशान्य बाजूला ईशान्येकडे उतरणाऱ्या, नैऋत्य बाजूला नैऋत्येकडे उतरणाऱ्या, आणि मध्ये हवेतून जाणारी तुटक रेघ, जी नाहीशा झालेल्या कमानीची आहे.

एर्केरोडे आणि उचलणारे मीठ

वाबेबरोबर चालत दरीच्या तोंडातून बाहेर पडले की एर्केरोडे येते. या भागातल्या वरच्या मुशेलकाल्कमधून ‘एन्क्रिनुस लिलिफॉर्मिस’ या समुद्री लिलीचे जीवाश्म मिळाले आहेत. हे फुलासारखे दिसणारे प्राणीच होते. अखंड नमुना वाटेवर मिळण्याची आशा धरू नये, पण देठाच्या गोल चकत्या, मध्ये छिद्र असलेल्या, शर्टाच्या बटणाएवढ्या, सुट्या दगडांत सहज दिसतात. व्हिनेगर येथे वापरावे: दगडावर चाकूने ओरखडा काढून पांढरी भुकटी करावी, तिच्यावर थेंब सोडावा आणि भिंगातून पाहावे. बारीक बुडबुडे उठले तर चुनखडक. मगाच्या तांबूस मातकट खडकाच्या तुकड्यावर तोच थेंब बहुधा नुसता झिरपून जाईल. शेताच्या कडेला गुलाबी ग्रॅनाइटचा गोटा दिसला तर गोंधळू नये. जुन्या हिमयुगांत स्कँडिनेव्हियातून सरकलेल्या बर्फाने असे गोटे या प्रदेशात आणून टाकले आहेत.

गावाबाहेर मोकळ्या जागी आले की दक्षिणेकडे आस्से ही दुसरी, अरुंद रांग दिसते, आणि हवा स्वच्छ असेल तर तिच्याही मागे हार्ट्झ पर्वतातला ११४१ मीटरचा ब्रोकेन हा डोंगर. आस्से आणि एल्म एकाच कारणाने वर आले आहेत. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या त्सेखश्टाइन समुद्राने मिठाचे जाड थर मागे सोडले. वर खडकांचे ओझे साचत गेले तसे मीठ कणकेसारखे सरकू लागले, आणि पुढे क्रिटेशियस काळाच्या उत्तरार्धात हा सगळा प्रदेश दाबला गेल्यावर ते ठिकठिकाणी वर चढले. एल्मखाली ते उशीसारखे फुगले, म्हणून वरचे थर रुंद, मंद कमानीत वाकले. आस्सेखाली ते अरुंद भिंतीसारखे घुसले, म्हणून तेथे थर जवळजवळ उभे झाले. आस्सेतल्या मिठाच्या जुन्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात किरणोत्सारी कचऱ्याची सव्वा लाखांहून अधिक पिंपे ठेवली गेली, आणि आता खाणीत पाणी शिरत असल्याने ती बाहेर काढण्याचे काम सरकारवर येऊन पडले आहे. सकाळी झऱ्यापाशी पाहिलेली गोष्ट, म्हणजे पाण्याला वाट सापडते ही, तेथे राजकारणाचा विषय झाली आहे.

दुसरा दिवस मिळाल्यास एल्मच्या आग्नेय टोकाशी श्योनिंगेनला जावे. मिठाच्या उंचवट्यांशेजारी जमीन खाली बसून खोलगट पट्टे तयार झाले, त्यांत लिग्नाइट कोळसा साचला, आणि २०१६ पर्यंत चाललेल्या उघड्या खाणीत १९९० च्या दशकात हार्टमुट थीमे यांच्या चमूला अश्मयुगीन लाकडी भाले सापडले. त्यांचे वय सुमारे दोन ते तीन लाख वर्षे मानले जाते. भाले तेथील संग्रहालयात आहेत.

एर्केरोडेहून ब्राउनश्वाइगकडे बस मिळते, पण शनिवार-रविवारी फेऱ्या कमी असतात, म्हणून परतीची वेळ सकाळीच पाहून ठेवावी. रानात कोणाला दुखापत झाल्यास ११२ वर फोन करून जवळच्या बचाव-खांबावरचा क्रमांक सांगावा. हे हिरवे-पांढरे फलक मुख्य वाटांच्या फाट्यांवर असतात आणि ‘मी बीचच्या झाडांमध्ये आहे’ या वाक्यापेक्षा फार उपयोगी पडतात. बसथांब्यावर बसून वहीतला छेद शाईने पक्का करावा, आणि बुंटझांडश्टाइनच्याही खाली, कोऱ्या राहिलेल्या जागेत, मिठाची उशी काढावी.